आजच्या हिरडीचा ठसा

हे सावकाश वाचायचं आहे. परिच्छेद संपला की थांबा, डोळे मिटा, हवं तर उरलेलं उद्यावर टाका. दात काढायची तारीख ठरली आहे, कवळी त्याच दिवशी बसणार आहे, घरातली बाकीची माणसं निजली आहेत आणि तुमचा डोळा लागत नाही, अशा रात्रीसाठी मी हे लिहितो आहे. अशी एक रात्र मी काढली आहे.

खुर्चीत बसा. पाठ टेकवा. ओठ मिटलेले राहू द्या, पण दातांवर दात नकोत. जबडा सैल सोडला की वरच्या आणि खालच्या दातांमध्ये आपसूक एक बारीक फट राहते. ती राहू द्या. दिवसभर आपण नकळत दात आवळून बसतो. आज त्यांना विसावा द्या.

आता जिभेचं टोक वरच्या उजव्या बाजूला, अगदी मागे न्या. तिथल्या दाढा कदाचित आधीच गेल्या असतील. पुष्कळदा डॉक्टर मागच्या दाढा काही आठवडे आधी काढतात, तिथली हिरडी भरून येऊ देतात आणि पुढचे, दिसणारे दात शेवटच्या दिवसापर्यंत ठेवतात. तसं असेल तर जीभ गुळगुळीत जागेवरून सरकत येईल आणि सुळ्यापाशी अडेल. तिथे थांबा. सुळा, मग पटाशीचे चार दात, मग पलीकडचा सुळा. एकेकाच्या पाठीवरून जीभ फिरवा. एखादा हलत असेल तर त्याला ढकलू नका, नुसती जीभ टेकवा. एक किंचित वाकडा असेल. एकाचा कोपरा कधीतरी सुपारी फोडताना उडाला असेल आणि ती धार आता जिभेच्या ओळखीची झाली असेल.

पटाशीचे हे दात तुमच्या तोंडात सातव्या-आठव्या वर्षी आले, सुळे अकराव्या-बाराव्या. त्याआधी दुधाचे पडले होते. पडलेला दात कौलांवर फेकून तुम्ही नव्याची वाट पाहिली असेल. तेव्हा एक दात जाणं आणि दुसरा येणं यांच्यामध्ये काही काळ जायचा, आणि जीभ त्या खिंडारात सारखी जाऊन यायची. या वेळी मधे एक तासही नाही. दात निघतील आणि तुम्ही त्याच खुर्चीत असताना नवे बसतील. म्हणून हे वाट पाहणं आज रात्रीच करून घ्या. जिभेला पुन्हा एकदा तो सगळा फेरा मारू द्या.

भातात खडा लागतो तो क्षण आठवा. वाळूच्या कणाएवढा खडा, पण घास तिथल्या तिथे थांबतो. तुम्ही काही ठरवायच्या आत जबडा थांबलेला असतो. हे दातामुळे कळतं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये अतिशय बारीक तंतूंचं जाळं असतं आणि दात त्यात झोळीतल्या बाळासारखा टांगलेला असतो. त्या तंतूंना दाबाचा अंशही कळतो. इतकी वर्षं आपण ज्याला हाडासारखा निर्जीव समजलो, तो तोंडातला सर्वांत चौकस पहारेकरी होता. दात निघताना हे तंतूही जातात. पुढे हिरडी दाब ओळखायला शिकते, पण इतक्या बारकाईनं नाही. पूर्ण कवळीनं चावायचा जोरसुद्धा स्वतःच्या दातांच्या जेमतेम चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका भरतो. हे आधी कुणी सांगितलं नाही, तर भाकरी चावेनाशी झाली की माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. म्हणून मी आधी सांगतो आहे.

दोष मात्र बहुतेकांच्या मनात आधीच असतो. तो आज बाहेर काढून समोर ठेवा. कुणाच्या आईनं पहाटे चुलीपाशी बसून मशेरी लावली, तिच्याकडे बघून मुलीनं लावली. मशेरी म्हणजे जाळलेला तंबाखू; तिनं हिरड्या खाल्ल्या, आणि कितीजणींच्या तोंडात कर्करोगही पेरला. कुणाला मधुमेहानं गाठलं आणि हिरड्यांच्या मागे हाड झिजत गेलं, कळलं तेव्हा दात हलायला लागले होते. कुणाकडे मुलांच्या फिया आधी आणि स्वतःची दाढ नंतर, असं वीस वर्षं चाललं. हे सगळं खरं आहे आणि ते आता मागे पडलं आहे. मशेरी अजून लावत असाल तर ती मात्र आजच सोडा, कारण जखम भरायची आहे आणि तोंड उरलेल्या सगळ्या आयुष्याला पुरायचं आहे. बाकीचा दोष या खुर्चीत बसून सोडून देता येईल तेवढा सोडा.

वरचे दात काढले की नजर अधू होते, असंही कुणीतरी सांगितलं असेल. आपल्याकडे हे हमखास सांगतात. दातांची संवेदना नेणारी नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी. दात काढल्यानं डोळ्यांना काही होत नाही. ज्या वयात दात जातात त्याच वयात मोतीबिंदू येतो, एवढीच त्या समजुतीची मुळी असावी. ही भीती मनात असेल तर श्वासाबरोबर जाऊ द्या.

आता माप घेतलं तो दिवस आठवा. रबरी वाटीत पूड आणि पाणी घोटून केलेला थंडगार लगदा, तो भरलेला ट्रे, आणि तो तोंडात गेल्यावर घशापर्यंत काहीतरी भरून आल्यासारखं वाटणं. त्या पुडीतलं अल्जिनेट समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून काढतात. मळमळू लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले असतील, मान जरा पुढे घ्या, नाकानं श्वास घ्या. तसा श्वास आत्ता घ्या. आत येताना नाकपुडीला गार लागतो, बाहेर जाताना कोमट. दोन-तीन मिनिटांचाच तो खेळ होता. लगदा घट्ट झाला, ट्रे सुटून आला आणि त्यात तुमच्या एकेका दाताची खोबण उमटली होती.

त्या ठशात प्लास्टर ओतून तुमच्या जबड्याची प्रतिकृती झाली आणि ती लॅबमध्ये गेली. तिथे जे घडतं ते फार कमी लोकांना माहीत असतं, आणि मला ते कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. तुमचे दात तुमच्या तोंडात शाबूत असताना, तुम्ही त्यांनी पोहे खात असताना, कारागीर त्या प्लास्टरवरचे दात कापत असतो. सगळे एकदम कापत नाही. एक कापतो, ती जागा खरवडून गोलसर करतो, तिथे अ‍ॅक्रिलिकचा दात लावतो आणि मगच दुसऱ्याला हात घालतो. शेजारचा जुना दात समोर असतो म्हणून नव्याची उंची, कल, रुंदी त्याला त्यावरून घेता येते. दात काढल्यावर हिरडी कशी बसेल, किती खाली उतरेल, याचा त्याला अंदाज करावा लागतो. जो जबडा अजून अस्तित्वातच नाही, त्याच्यासाठी तो कवळी घडवतो आहे. त्या हाताचा अंदाज कितीही मुरलेला असला तरी तो अंदाजच राहणार. पहिल्या दिवशी कवळी कुठे टोचली, कुठे सैल वाटली, तर त्यात डॉक्टरांची चूक असेलच असं नाही, आणि तुमची तर नाहीच.

नेहमीच्या कवळीत मेणावर दात लावून ते एकदा तोंडात घालून बघतात, आरसा देतात, विचारतात. इथे पुढच्या दातांच्या जागी तुमचेच दात उभे असतात, त्यामुळे ती सोय नाही. म्हणून जे सांगायचं ते आधी सांगा. तरुणपणीचा हसरा फोटो असेल तर घेऊन जा. तो एक वाकडा दात तसाच वाकडा हवा आहे का, हे स्वतःला विचारा. मी माझा वाकडा ठेवायला सांगितला. पांढऱ्याशुभ्र सरळ रांगेनं आलेला चेहरा मला माझा वाटला नसता.

एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगून टाकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधं, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेल्या गोळ्या-इंजेक्शनं, यांतलं काहीही चालू असेल तर डॉक्टरांना ते दात काढण्याआधी कळलं पाहिजे. कुठलीही गोळी मनानं बंद करू नका.

आता तो तास. डोळे मिटून एकदा त्यातून जाऊन या, म्हणजे त्या दिवशी तो अगदीच अनोळखी असणार नाही. सुई टोचेल. ओठ जड होईल, परका होईल. बधिर झालेल्या जागी दुखत नाही, पण दाब कळतो आणि आवाज कळतो, आणि आवाजाचीच जास्त भीती वाटते, कारण तो बाहेरून येत नाही, कवटीतूनच कानाला भिडतो. तेव्हा लक्ष पायांकडे न्या. टाचा खुर्चीला टेकल्या आहेत. पोट वर येतं, खाली जातं. काही अडलं तर डावा हात वर करायचा, असं डॉक्टरांशी आधी ठरवून ठेवा.

काढलेला दात हवा असेल तर मागून बघा. मागायची लाज वाटू देऊ नका. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळीला त्या एका दातासाठी भोक ठेवलेलं होतं. पुढे तोही काढावा लागला, तेव्हा त्यांचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी तो काचेआड, सोन्याच्या कोंदणात जपून ठेवला. ज्याच्यावर इतक्या वर्षांचं जेवण झालं, त्याला निरोप द्यावासा वाटणं अगदी साहजिक आहे. तुळशीच्या कुंडीत पुरायचा असेल तर पुरा.

मग कवळी येते. गार, गुळगुळीत, गुलाबी, आणि वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी मोठी. तोंड एकदम भरून जातं. लाळ सुटते, सुटतच राहते, कारण तोंडाला वाटतं की घास आला आहे. गिळा. थुंकू नका. जखमेच्या खळग्यांत रक्ताच्या गाठी बसायच्या आहेत आणि थुंकण्यानं, जोरात चूळ भरण्यानं, नळीनं ओढून प्यायल्यानं त्या निसटतात. गालावर अधूनमधून बर्फाची पिशवी धरा, उशी उंच घ्या, गार आणि पातळ पोटात जाऊ द्या. लाळेत थोडी लाली दिसेल. पट्टी बांधल्यासारखी कवळी तेव्हा त्या उघड्या जागा झाकून, दाबून धरत असते.

म्हणूनच ती पहिले २४ तास काढायची नसते. माझ्याकडून ती निघाली. रात्री दोनच्या सुमाराला डाव्या बाजूला इतकं आवळल्यासारखं वाटलं की मी उठलो, मोरीत जाऊन ती काढली आणि वाटीत ठेवली. पाच मिनिटं हायसं वाटलं. सकाळी घालायला गेलो तर हिरडी सुजून वर आली होती आणि कवळी जागेवर जाईना. पुढचे काही दिवस बोळक्या तोंडानं, उघड्या जखमांवर गेले. काढू नका एवढं मला सांगितलं होतं; का काढू नका, हे कुणी सांगितलं नव्हतं. कारण कळलं असतं तर मी ती रात्र काढली असती, असं मला आजही वाटतं. तुम्हाला ते आता कळलं आहे. रात्री दोन वाजता ते आवळणं आलं तर त्याला हात लावू नका. उठून बसा. आवळतं आहे, असं मनात म्हणा. कुठे आवळतं आहे ते बघा. श्वास नाकानं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः ती काढतील, टोचणारी जागा घासून देतील, आणि मग कोमट मिठाच्या पाण्यानं हलक्या चुळा सुरू होतील.

आरशात बघायची घाई करू नका. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. वरचा ओठ कुणीतरी आतून पुढे ढकलल्यासारखा दिसेल. तो चेहरा तुमचा कायमचा चेहरा नाही. लोक म्हणतील, काहीच कळत नाही हो, आधीसारखेच दिसता. ते प्रेमानंच म्हणतात, पण तुमच्या ओठांआड काय घडलं आहे ते फक्त तुम्हाला माहीत असतं. तेव्हा रडू आलं तर येऊ द्या. दिसण्यात खंड पडला नाही म्हणून काही गेलंच नाही, असं होत नाही.

जेवणाचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुमचं घर माझ्याहून चांगलं जाणतं. पेज, गुरगुट्या भात, मुगाची खिचडी, मग दुधात कुस्करलेली भाकरी. लहान घास, दोन्ही बाजूंनी चावायचा, पुढच्या दातांनी तोडायचं नाही. वरच्या कवळीनं टाळू झाकलेला असतो, त्यामुळे चहा किती गरम आहे हे घशाशी जाईपर्यंत कळत नाही. आधी ओठांना विचारा. चवीचा बहुतेक कारभार जिभेवर असतो, ती परत येते. पहिल्या दिवसांत वरणातलं तूप नुसतं गुळगुळीत लागतं, चव लागत नाही. मग एक दिवस लागते.

बोलण्यापाशी मात्र आपण जास्त वेळ थांबू. एकटे असताना, दार लावून, एकच शब्द घ्या. विठ्ठल. तो फार हळू म्हणायचा आहे. ‘वि’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या अंगाला हलकेच टेकते. आज ती कड अ‍ॅक्रिलिकची आहे. ओठाला ती परकी लागेल. टेकू द्या. ‘ठ्ठ’ला जीभ उलटी वळून टाळूला लागते, आणि टाळू तर आता झाकलेला आहे. जीभ जरा अलीकडेच थडकेल, आवाज बोदा येईल. पुन्हा म्हणा. ‘ल’ला जीभ वर, दातांच्या मुळाशी जाते आणि तिथून अलगद सुटते. एवढ्या एका नावात ओठ, दात, टाळू, जीभ सगळ्यांची नव्या घराशी ओळख होते. दहा वेळा म्हणा. हरिपाठ मुखोद्गत असेल तर रोज तोच मोठ्यानं म्हणा, नसेल तर वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचा.

मग दंत्य अक्षरं. त, थ, द, ध, न. जुन्या वैयाकरणांनी त्यांच्या नावातच दात ठेवला आहे. आणि मग आपल्या मराठीचे ते दोन-दोन च आणि ज, जे लिहायला एक आणि बोलायला निराळे. ‘जरा थांब’ मधला जरा म्हणून बघा. जीभ दातांच्या मागे घासून येते. आता जरा म्हणजे म्हातारपण, तो जरा म्हणा. जीभ मागे टाळूवर पसरते. कागदावर दोन्ही सारखेच. पहिल्या आठवड्यात पहिला जरा शिट्टीसारखा निसटतो आणि दुसरा सहज येतो. हे कळलं तेव्हा मी दोन्ही शब्द आळीपाळीनं म्हणत राहिलो होतो, जरा, जरा, कितीतरी वेळ, आणि हळूहळू पहिलाही जागेवर आला. तुम्हालाही तो येईल. फोनवर कुणी ‘काय म्हणालात?’ असं विचारलं तर पुन्हा सांगा, आवाज न चढवता.

पहिला आठवडा किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस कवळी रात्रीही राहील. मग रात्री काढायची सवय लावा, कारण चोवीस तास झाकलेल्या हिरडीवर बुरशी धरते. बेसिनमध्ये थोडं पाणी भरून त्यावर ती धुवा, म्हणजे हातातून सुटली तरी फुटणार नाही. मऊ ब्रश, साधा साबण. उकळतं पाणी नको, ते तिला वाकवतं. मग साध्या पाण्यात ठेवा. आता जिभेला पुन्हा तो फेरा मारू द्या, उजवीकडून डावीकडे. पहिल्यांदा खळगे लागतील, नाजूक, किंचित खारट. काही आठवड्यांनी त्यांच्या कडा बोथट झालेल्या असतील. मग एक सलग, मऊ बांध लागेल. त्याखाली हाड आपलं काम करत असतं.

ते काम फार संथ आहे आणि ते थांबत नाही. दात गेला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला तिथे उभं राहायचं कारण उरत नाही. ते उतरू लागतं. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत भराभर, नंतर मंद, पण वर्षानुवर्षं. कवळी वापरणाऱ्यांचा पंचवीस वर्षं माग ठेवणारा एक अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. खालची कवळी नेहमी का डगमगते, याचं निम्मं उत्तर यात आहे. उरलेलं निम्मं म्हणजे तिला टाळूचा आधार नाही आणि जीभ तिला सारखी उचलत असते. त्या एका दिवसाच्या जबड्यासाठी केलेली कवळी म्हणून सैल होत जाते. आत अन्नाचे कण जातात, शिंकताना हात तोंडाशी न्यावा लागतो. असं झालं की कवळी बिघडली, पैसे बुडाले, असं वाटतं. ती बिघडलेली नसते. तिच्याखालची जमीन उतरलेली असते.

डॉक्टर आधी आतून मऊ थर देतील. काही महिन्यांनी कवळी आतून नव्यानं भरून घेतील, ज्याला ते रिलाइनिंग म्हणतात, किंवा मुळातूनच नवी करायला सांगतील. त्या खर्चाची तजवीज आजच मनात आणि जमेल तशी डब्यात करून ठेवा.

आणि त्या दिवशी तुम्ही पुन्हा त्याच खुर्चीत असाल. रबरी वाटी, थंडगार लगदा, ट्रे. मान जरा पुढे. नाकानं श्वास. आत गार, बाहेर कोमट. या वेळी मळमळणार नाही, किंवा मळमळेल आणि जाईल. ट्रे सुटून येईल. डॉक्टर तो बाजूला ठेवायच्या आत, क्षणभर मला दाखवा, असं म्हणा. त्यात एकाही दाताची खोबण नसेल. एक लांब, गोलाईनं वळलेली पन्हळ असेल, मध्ये टाळूच्या वळ्या उमटलेल्या, आणि तिच्यावर तुमची लाळ अजून चमकत असेल. नीट बघून घ्या. मग ट्रे परत द्या.